सॅटेलाइट फोन सोबत नेण्याआधी

डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी पर्यटकाच्या सामानात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं छोटं उपकरण सापडलं. डोंगरात अडकलं तर मदत मागण्यासाठी जगभरचे ट्रेकर वापरतात, तसलं. पोलिसांनी पर्यटकाला ताब्यात घेतलं. अशी बातमी आली की ‘केवढा हा जाच’ ही प्रतिक्रिया ठरलेली. तिच्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

अवकाश कुणाच्या मालकीचं नाही, मग तिथल्या उपग्रहाशी बोलायला परवानगी कशाला, हा त्यातला सगळ्यात मोठा. यातला अर्धा भाग खरा आहे. १९६७च्या करारानुसार कोणत्याही देशाला अवकाशावर हक्क सांगता येत नाही. १९७६ मध्ये कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया अशा विषुववृत्तावरच्या आठ देशांनी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरची, आपल्या डोक्यावरची भूस्थिर कक्षा आपलीच असं बोगोटामध्ये जाहीर करून पाहिलं. बाकी जगाने ते मानलं नाही. पण फोन अवकाशात नसतो. तो तुमच्या हातात, इथल्या जमिनीवर असतो आणि लहरी सोडतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांप्रमाणे लहरी सोडणाऱ्या कोणत्याही खासगी यंत्राला तिथल्या सरकारचा परवाना लागतो. साधा जीपीएस फक्त लहरी टिपतो, सोडत नाही. म्हणून मोबाइलवर नकाशा पाहताना कुणी अडवत नाही.

दुसरा घोळ आयटीयूबद्दलचा. या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लहरी दिल्या की कंपनीला जग मोकळं, असं अनेकांना वाटतं. हा संघ लहरींची नोंद ठेवतो आणि एकाच्या लहरी दुसऱ्याच्या आड येऊ नयेत हे पाहतो. सेवा कुठे चालवायची, याची परवानगी तो देत नाही. स्टारलिंकची उपग्रह-इंटरनेट सेवा आपल्या परवानगीशिवाय चालते, अशी तक्रार इराणने केली तेव्हा, २०२३ मध्ये, संघाच्या रेडिओ नियमन मंडळाने इराणचं म्हणणं उचलून धरलं. लोकांचं इंटरनेट वारंवार बंद पाडणाऱ्या सरकारच्या बाजूने नियम उभा राहिला, हे रुचणारं नाही. पण सार्वभौमत्व फक्त भल्या सरकारांनाच मिळतं असं नाही.

आपल्याकडची सॅटेलाइट फोनवरची बंदी २६/११नंतरची, हेही अर्धसत्यच. हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ बोटीवर थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन सापडल्यानंतर कडकपणा वाढला खरा, पण विनापरवाना बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हा १९३३च्या कायद्यानेच गुन्हा होता. त्याची आणि १८८५च्या तार कायद्याची जागा आता २०२३चा दूरसंचार कायदा घेतो आहे.

भारतात सॅटेलाइट फोनच चालत नाहीत, हाही गैरसमज. खरी गोम गेटवेची, म्हणजे उपग्रहावरचा कॉल जमिनीवर उतरतो त्या केंद्राची आहे. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे कॉल परदेशात उतरतात. तिथे आपल्या तपास यंत्रणांचा कायदेशीर हात पोहोचत नाही, म्हणून त्यांना मनाई. बीएसएनएलचा गेटवे गाझियाबादला आहे आणि त्यावरून चालणारी इन्मारसॅटची सेवा परवानगी काढून वापरता येते. स्टारलिंकलाही जून २०२५ मध्ये परवाना मिळाला.

राहिला लिलावाचा वाद. मोबाइल कंपन्यांना स्पेक्ट्रम लिलावात घ्यावा लागतो आणि उपग्रहवाल्यांना फुकट मिळतो, ही ओरड चुकीची आहे. एकच पट्टा अनेक उपग्रह कंपन्या समन्वयाने वापरू शकतात, म्हणून तो लिलावाविना दिला जातो. पण शुल्क असतंच: दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये कंपनीच्या समायोजित महसुलाच्या ४ टक्के सुचवलं.

अमेरिका-युरोपातून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकांना एवढं आवर्जून कळवा: ट्रेकिंगचं उपग्रह-संदेश यंत्र बॅगेत असेल तर ते घरीच ठेवून या. विमानतळावर उतरून ते दाखवलं म्हणजे परवानगी मिळत नाही. ती आधीच दूरसंचार विभागाकडून घ्यावी लागते.