घर पाडू नका, उकला!

कोकणातलं कौलारू घर दुरुस्तीला काढलं की ठेकेदार आधी पाडायची भाषा करतो. घाई कसली? सागवानी तुळया, खांब, दारं सुटी निघतात आणि वाळवी नसेल तर पुन्हा वापरता येतात. मंगलोरी कौलंही तशीच. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला. ती खाचांनी एकमेकांत बसत असल्याने फुटलेलं कौल तेवढंच बदलता येतं.

विटांचं भवितव्य सांध्यात ठरतं. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून वीट अखंड सुटते. सिमेंटमधली बहुधा फुटते.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरममधल्या स्वतःच्या घरातही पाडलेल्या इमारतींचं सामान वापरलं.

ठेका देताना ‘सामान उतरवून रचून ठेवणे’ हे काम मजुरीसकट वेगळं लिहून घ्या.