कान कोणाचा तिखट?

बारीकसारीक आवाजही ज्याला टिपता येतो त्याचा कान तिखट, असे आपण म्हणतो. पण कानाची योग्यता एवढ्यावरच ठरवावी काय? एक पतंग आणि बिळात राहणारा एक उंदीर यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

मेणपतंग हा मधमाश्यांचा जुना शत्रू. त्याच्या अळ्या मोहोळातील मेणाची पोळी पोखरतात. पूर्ण वाढ झालेला पतंग मात्र काहीच खात नाही; वीण झाली की त्याचे थोड्या दिवसांचे आयुष्य संपते. त्याचे कान पोटावर असतात. प्रत्येक कानात एक पातळ पडदा व अवघ्या चार संवेदी पेशी! माणसाला दर सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. हा पतंग ३,००,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी टिपतो, असे ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील शास्त्रज्ञांना २०१३ साली आढळले. वटवाघूळ ध्वनीच्या साहाय्याने शिकार शोधते. तेव्हा असा कान म्हणजे पतंगाचे चिलखतच होय.

आता उंदराकडे वळू. ‘नेकेड मोल रॅट’ हा जवळजवळ केसविरहित प्राणी केनिया, इथिओपिया व सोमालिया या देशांत जमिनीखाली वसाहत करून राहतो. वसाहतीत पिले होतात ती फक्त एका राणीला. हा उंदीर तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याची दृष्टी नाममात्र, आणि ऐकण्याची मर्यादा सुमारे १३,००० कंपनांपर्यंतच, म्हणजे आपल्याहूनही कमी. उघड्यावर राहणाऱ्या लहान सस्तन प्राण्यांना आवाजाची दिशा ओळखण्यासाठी उंच पट्टीचे आवाज ऐकू यावे लागतात. अरुंद भुयारात आवाज येणार तो पुढून किंवा मागून. तेथे या शक्तीची फारशी गरज उरत नाही.

असे असूनही हा कान एक अवघड काम करतो. प्रत्येक वसाहतीची चिवचिवण्याची स्वतंत्र धाटणी, जणू बोलीच असते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दुसऱ्या वसाहतीत वाढवलेली पिले तेथील बोली शिकली आणि राणी नाहीशी होताच बोलीतील एकसारखेपणा ढळला.

पतंगाला शत्रूची चाहूल हवी, उंदराला आपल्या माणसांची ओळख. एकाच्या गरजेची फूटपट्टी दुसऱ्याला लावली, तर भुयारातील ही बोली आपल्याला ऐकूच येणार नाही.