माजावर आलेल्या कुत्रीचा बंदोबस्त

सावित्रीच्या खोऱ्यात, महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर राखणीसाठी पाळलेली कुत्री अनपेक्षितपणे गाभण राहते, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा एक जुना गैरसमज असतो. साधारणतः दर सहा महिन्यांनी ती माजावर येते आणि ही मुदत सुमारे तीन आठवड्यांची असते. परंतु पहिल्या आठ-दहा दिवसांतील रक्तस्राव थांबला म्हणजे धोका टळला, असे मानून मालक तिला मोकळी सोडतो, आणि वस्तुतः गर्भधारणेचा खरा काळ तेव्हाच सुरू झालेला असतो. कुत्र्याचे शुक्रजंतू तिच्या गर्भमार्गात कित्येक दिवस जिवंत राहत असल्याने, एकाच वेतात दोन निरनिराळ्या कुत्र्यांची पिल्लेही संभवतात. म्हणून तीन आठवडे पूर्ण होईतो तिला बंद खोलीत ठेवावे. अंगणातील दावे वा कुंपण येथे पुरेसे नाही. संग जुळलाच तर दोघांना ओढून सोडवू नये. त्याने इजा होते, गर्भ टळत नाही. माज थांबविणाऱ्या संप्रेरकांच्या सुईने गर्भाशयात पू होण्याचे भय असते, हा सौदा मला तरी महाग वाटतो. कायमचा इलाज म्हणजे अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव श्वानाच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. गर्भकाळ अवघा ६३ दिवसांचा. तेव्हा शंका येताच पशुवैद्यकास गाठावे, ही कळकळीची विनंती.