चाळीस, चायीस, चालीस : पदवीच्या वर्गातून ऐकलेले नागपूर

सक्करदरा चौकातून एक रस्ता रेशीमबागेवरून महालाकडे जातो, दुसरा ताजबाग आणि दिघोरी ओलांडून उमरेडकडे. महाल म्हणजे भोसल्यांचे जुने नागपूर. उमरेडच्या वाटेने पुढे गेले की भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, म्हणजे झाडीपट्टी. या दोन टोकांच्या मध्ये भोसल्यांचा राजवाडा आहे, तलाव आहे, बुधवार बाजार आहे आणि चौकातच कमला नेहरू महाविद्यालय आहे. रघुजीराजे भोसले यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना इथल्याच आपल्या वाड्यात ठेवून घेतले होते. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले. त्यांच्या दर्ग्याला मराठी, हिंदी, उर्दू बोलणारे भाविक आजही एकाच रांगेत उभे असतात.

भाषा, ओळख आणि समाज या विषयावर संशोधन करायचे तर इथल्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला विषय शोधत फिरावे लागत नाही. तो घरून निघून वर्गात पोचेपर्यंत तीन-चार बोलींतून चालत आलेला असतो. तरीही पदवीच्या मुलांचे संशोधन म्हटले की आपण ते गुणपत्रिकेपुरते समजतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नागपूरच्या बोलण्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास करण्याची संधी आज कोणाकडे असेल तर ती या वीस वर्षांच्या मुलामुलींकडे. त्यासाठी या अभ्यासाची आजवरची वाटचाल आधी पाहायला हवी.

बाहेरून आलेले कान

नागपूरच्या लोकांचे बोलणे प्रथम कागदावर उतरवले ते बाहेरून आलेल्यांनी. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आला. भूगर्भशास्त्राची आवड असलेल्या या माणसाने गोंडांची गाणी, शब्द आणि चालीरीती टिपून ठेवल्या. १८६३ मध्ये तो नदी ओलांडताना बुडून मेला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल याने १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा अभ्यासकांपर्यंत पोचली ती त्यांतून. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ साली सुरू झाले.

पुढे जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी यांचे नमुने आहेत, हळबीचाही विचार मराठीच्या सोबतच केलेला आहे. काम अफाट होते. पण त्याची पद्धत काय होती? बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत भाषांतरित करून घ्यायची आणि नमुने एकमेकांशी ताडून पाहायचे. भाषांतर करताना माणूस सांभाळून बोलतो. बाजारात भाव करताना तसा बोलत नाही. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड आले. हिरालाल इथल्याच मातीतले, म्हणून त्या खंडांत घरची माहिती आहे. पण त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे माणूस कोण हे त्याच्या जातीवरून आधीच ठरलेले होते. तो स्वतःला काय म्हणवतो हा प्रश्न फारसा उरला नव्हता.

नंतरच्या पिढ्यांनी हे काम घरात आणले. व. कृ. वऱ्हाडपांडे यांनी नागपुरी बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बोलीला स्वतःचे नाव आणि आत्मविश्वास मिळाला त्यात त्यांचा वाटा मोठा. वसंत मून यांच्या ‘वस्ती’ने नागपूरच्या महारपुऱ्यातले जगणे, चळवळ आणि भाषा आतून दाखवली. ते आत्मकथन आहे, पण समाजाच्या संवादाचा अभ्यास करणाऱ्याने ते वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि गावोगावचे ध्वनिमुद्रित नमुने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले. उधळ्या मुलाच्या गोष्टीपासून आपण खऱ्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणापर्यंत आलो.

दोन भाषांची राजधानी

नागपूरचे बोलणे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही मुलखांच्या प्रांताची राजधानी होते. कचेरी, न्यायालय, विधिमंडळ, सगळीकडे दोन्ही भाषा. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजधानी गेली, पण दोन भाषांची सवय राहिली. एकाच शहरातून ‘हितवाद’ इंग्रजीत, ‘तरुण भारत’ मराठीत आणि ‘नवभारत’ हिंदीत निघत आले. विदर्भ साहित्य संघाचे हे शहर, आणि १९७५ साली पहिले विश्व हिंदी संमेलन भरले तेही इथेच.

संवादाच्या अभ्यासातही नागपूर मागे नव्हते. १९५२ साली हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीसाठी अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठातून रोलंड वूल्झली आले होते. भारतीय पत्रकारितेवरचे त्यांनी संपादित केलेले पुस्तक १९५३ साली निघाले. म्हणजे या शहरात माध्यमांचे शिक्षण सत्तर वर्षांहून जुने आहे. त्या मानाने शहराच्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास मात्र फार थोडा झाला.

कुपवाडचा धडा

या विषयातला जगभर उद्धृत होणारा एक अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. शतकानुशतके शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होते. शब्द मात्र वेगळेच राहिले. कारण घरात कोणती भाषा बोलतो यावरून माणूस कोणाचा हे ठरत होते. रचना देवाणघेवाणीतून सारखी झाली, शब्दांनी ओळख राखली.

आता सक्करदऱ्यात या. ‘काय करून राहिला बे?’ हा प्रश्न इथे कोणालाही खटकत नाही. ‘करून राहिला’ ही घडण हिंदीच्या शेजाराने आलेली, शब्द सगळे मराठी. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘येजो’, ‘हाव ना’ हे सगळे त्याच बोलण्यात नांदते. पुण्या-मुंबईच्या कानाला हे अशुद्ध वाटले आणि आपल्याच शाळांनीही मुलांना ते लपवायला शिकवले. कुपवाडचा धडा असा की ही चूक नव्हे, शेजारधर्माची नोंद आहे. ती नोंद नीट वाचणे हाच संशोधनाचा विषय.

बाजारातला एक प्रयोग

पदवीचा विद्यार्थी हे कसे करील, याचे एक उदाहरण देतो. १९६२ साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत गेला: एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्त. ज्या वस्तूचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे तिचा पत्ता त्याने तिथल्या कामगारांना विचारला. उत्तरात ‘र’ उच्चारला जातो का, एवढेच त्याला ऐकायचे होते. मग ऐकू आले नाही असे दाखवून तो पुन्हा विचारी; दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो. २६४ माणसांच्या अशा उत्तरांतून त्याने दाखवून दिले की दुकान जितके वरच्या थराचे तितका ‘र’ अधिक ऐकू येतो.

याच धर्तीवर बुधवार बाजारात काय करता येईल? जिथे भाव चाळीस रुपये आहे तिथे भाव विचारायचा. वऱ्हाडी वळणात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून उत्तर ‘चायीस’ येईल. शाळेच्या वळणाचे ‘चाळीस’ येईल. हिंदीतून बोलणारा ‘चालीस’ म्हणेल. एकाच शब्दात तीन वाटा. मग पुन्हा विचारायचे: ‘किती म्हणालात भाऊ?’ दुसऱ्या वेळी ‘चायीस’चे ‘चाळीस’ झाले की ‘चालीस’? विचारणारी मुलगी जीन्समध्ये असताना आणि नऊवारीतल्या आजीबरोबर असताना उत्तर बदलते का? तिला ‘ताई’ म्हटले, ‘मॅडम’ म्हटले की ‘दीदी’? समोरच्याला पाहून माणूस आपले बोलणे त्याच्या जवळ नेतो किंवा मुद्दाम दूर ठेवतो, असे हॉवर्ड जाइल्सने १९७० च्या दशकात मांडले. त्याची परीक्षा कांद्याच्या ढिगापाशी उभे राहून घेता येते. नाव विचारायचे नाही, फोटो काढायचा नाही. अंदाजे वय, स्त्री की पुरुष, पहिले उत्तर, दुसरे उत्तर, एवढेच वहीत. चार विद्यार्थी, काही बुधवार, एक वही. खर्च नाही, आणि हाती येते ती नागपुरात पूर्वी कोणी न केलेली नोंद असू शकते.

दुसरा विषय अभिवादनाचा. याच परिसरात फोन उचलल्यावर कोणी ‘जय भीम’ म्हणते, कोणी ‘राम राम’, कोणी ‘सलाम’. गोंड समाजात ‘जय सेवा’, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव मंडळात ‘जय गुरू’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवसाचा अभिमान आज ‘जय भीम’ या दोन शब्दांत रोज उच्चारला जातो. पण तोच माणूस कार्यालयात ‘नमस्कार’ म्हणतो का? भाड्याने खोली शोधताना काय म्हणतो? शेजारी परस्परांचे अभिवादन स्वीकारून उत्तर देतात का? ओळख कुठे उघड करायची आणि कुठे झाकायची, हे माणूस पहिल्या दोन शब्दांत ठरवतो. हा प्रश्न त्याच वस्तीत वाढलेली मुलगी विचारू शकते, कारण तिला उत्तरामागची कारणे ठाऊक असतात.

ओळखीला किंमत असते

इथे सावध राहायला हवे. नागपूरच्या विणकर वस्त्यांतल्या हळबा कोष्टी समाजाचे उदाहरण घ्या. आपण हळबा या अनुसूचित जमातीचे आहोत, हा त्यांचा दावा. तो दशकानुदशके न्यायालयात चालला आणि नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याविरुद्ध निकाल दिला. कित्येक कुटुंबांच्या नोकऱ्या आणि मुलांचे प्रवेश त्यावर टांगलेले होते. अशा घरी जाऊन ‘तुम्ही स्वतःला कोण समजता, घरात कोणती बोली बोलता?’ असे विचारणे म्हणजे साधी चौकशी नव्हे. उत्तर देणाऱ्याला भीती असते, आशाही असते. २०११ च्या जनगणनेत हळबी भाषकांची संख्या सुमारे ७ लाख ६६ हजार आहे आणि त्यांतले बहुतेक छत्तीसगडात. अशा आकड्यांचे राजकारण न समजता वस्तीत जाणारा विद्यार्थी नकळत कोणाचे तरी नुकसान करू शकतो. म्हणून संमती आधी घ्यावी. ती मराठीत, समजेल अशा शब्दांत असावी, आणि माहिती कुठे जाणार हे त्यात स्पष्ट असावे.

नवे धोरण, जुनी सवय

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर पदवीचे स्वरूप बदलले आहे. महाराष्ट्राच्या नव्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागतो. म्हणजे पदवीच्या वर्गातले संशोधन आता ऐच्छिक हौस राहिलेले नाही.

पण सवयी जुन्याच आहेत. कित्येक ठिकाणी प्रश्नावली इंग्रजीत तयार होते, मोबाइलवरच्या फॉर्मने मित्रांच्या गटात फिरते आणि पन्नास उत्तरे आली की प्रकरण संपते. त्या पन्नासांत भाजीवाली नसते, रिक्षावाला नसतो, दर्ग्याबाहेरचा फुलवाला नसतो. निष्कर्ष आधीच ठरलेला: तरुण पिढी भाषा विसरत चालली आहे. मग गठ्ठा बांधून कपाटात जातो आणि काही वर्षांनी रद्दीत. पुढच्या वर्षीची तुकडी तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. शहाणपण साठत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो आनंद जुन्या ग्रंथांपुरता राहू नये. भाषेचे वय मोठे असणे ही एक गोष्ट. ती आज कोण, कोणाशी, कशी बोलतो याची नोंद असणे ही दुसरी. पहिल्या कामाला पंडित लागतात. दुसऱ्याला त्याच गल्लीतली मुले लागतात. चाळीसचे चायीस कुठल्या वयापर्यंत टिकले आहे, हे दिल्लीतल्या समितीला कळणार नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महाविद्यालयांनी भाषा आणि समाजावरचे प्रकल्प मराठीत लिहू द्यावेत आणि त्यांची प्रत ग्रंथालयात जपून ठेवावी. ध्वनिमुद्रणे नावे वगळून, संमतीनिशी सांभाळावीत, म्हणजे दहा वर्षांनी दुसरी तुकडी त्याच बाजारात जाऊन काय बदलले ते सांगू शकेल. शिक्षकांनी विषय वाटून देण्याऐवजी मुलांना आधी वस्तीत पाठवावे आणि नंतर प्रश्न विचारायला सांगावे. विद्यापीठाच्या जनसंवाद आणि मराठी विभागांनी वर्षातून एकदा या कामांचे जाहीर वाचन घ्यावे, आणि ज्यांच्या बोलण्यावर काम झाले त्या बाजारातल्या, वस्तीतल्या माणसांना तिथे बोलवावे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. उद्या एखादी विद्यार्थिनी वही घेऊन तुमच्या दारात आली आणि ‘काका, तुमच्या लहानपणी घरी कसं बोलायचे?’ असे विचारू लागली, तर तिला परत पाठवू नका. बसायला सांगा, चहा द्या आणि आपल्या बोलीतच उत्तर द्या. शुद्ध करून नको; जसे येते तसे.