सूर्याच्या घरची जुळी आणि आपल्या वर्गातली जुळी

दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी यम आणि यमुनेची गोष्ट कानावर पडतेच. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम बहिणीकडे जेवायला गेला, तिने त्याला ओवाळलं, म्हणून या दिवसाला यमद्वितीया असंही म्हणतात. पण या गोष्टीतली एक गंमत बहुतेक वेळा सांगायची राहूनच जाते. यम आणि यमुना हे नुसते भाऊ-बहीण नव्हते, ते जुळे होते!

सूर्य आणि संज्ञा यांची ही मुलं. आणि त्यांच्या घरात जुळ्यांची ही एकच जोडी नव्हती बरं का. देवांचे वैद्य म्हणून ज्यांची ख्याती, ते अश्विनीकुमार हेही सूर्याचे जुळे मुलगे. पुढे महाभारतात याच अश्विनीकुमारांच्या कृपेने माद्रीला दोन मुलगे झाले, नकुल आणि सहदेव. तेही जुळेच! म्हणजे वडिलांपासून मुलांपर्यंत जुळ्यांची परंपराच.

रामायणातले लव-कुश तर सगळ्यांनाच माहीत आहेत. पण शत्रुघ्न हा लक्ष्मणाचा जुळा भाऊ, हे किती जणांना ठाऊक होतं? हे दोघं सुमित्रेचे मुलगे. लक्ष्मण सावलीसारखा रामाच्या मागे वनात गेला आणि शत्रुघ्न भरताजवळ राहिला. जन्म बरोबरीने झाला, पण वाटा मात्र ज्याच्या त्याच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जुळ्यांचं नवल फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही. रोम शहर वसवल्याची कथा रोम्युलस आणि रेमस या जुळ्या भावांची आहे. शेक्सपिअर या मोठ्या नाटककाराने तर एका नाटकात जुळ्यांच्या दोन जोड्या आणून सगळ्या पात्रांची भंबेरी उडवून दिली. त्याला स्वतःलाही जुळी मुलं होती. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात योरुबा लोक राहतात. तिथे जुळ्यांपैकी आधी जन्मलेल्या बाळाचं नाव ठेवतात तायवो आणि नंतरच्या बाळाचं केहिंदे. आता सांगा, मोठं कोण? तायवो? चूक! योरुबा लोक केहिंदेला मोठं मानतात. त्यांचं म्हणणं असं, की केहिंदेनेच धाकट्याला हुकूम सोडला, ‘जा, आधी तू बाहेर जाऊन जग कसं आहे ते बघून ये!’ धाकट्याला पुढे पिटाळायची मोठ्या भावंडांची सवय जगभर सारखीच दिसते, नाही का?

जुळी होतात कशी?

बाळाची सुरुवात होते ती एका पेशीपासून. आईकडचं स्त्रीबीज आणि बाबांकडचा शुक्राणू एकत्र आले की एक नवी पेशी तयार होते. तिला म्हणतात युग्मनज. या पेशीच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि असं करत करत अख्खं बाळ घडतं.

कधी कधी मात्र पहिल्या काही दिवसांतच पेशींचा हा इवलासा गोळा दोन भागांत वेगळा होतो आणि प्रत्येक भागातून एकेक पूर्ण बाळ वाढतं. ही झाली एकयुग्मजी जुळी. दोघांची सुरुवात एकाच पेशीतून, म्हणून दोघांची जनुकं, म्हणजे शरीर कसं घडेल हे ठरवणाऱ्या पेशीतल्या सूचना, जवळजवळ तंतोतंत सारखी. दिसायला इतकी सारखी, की आजीसुद्धा एकाच्या वाट्याचा लाडू दुसऱ्याला देऊन बसते.

दुसरा प्रकार वेगळा आहे. दर महिन्याला आईच्या शरीरात साधारणपणे एक स्त्रीबीज तयार होतं. एखाद्या वेळी दोन तयार होतात. दोन स्त्रीबीजं आणि दोन शुक्राणू यांच्यापासून दोन युग्मनज झाले की जी जुळी जन्मतात, ती द्वियुग्मजी. यांची जनुकं कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकीच सारखी असतात, म्हणजे सरासरी निम्मी. एक उंच, दुसरं बुटकं. एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे सरळ, असं सहज होऊ शकतं.

आता एक कोडं सोडवा. यम मुलगा, यमुना मुलगी. मग ही जुळी कुठल्या प्रकारची म्हणायची? बरोबर! द्वियुग्मजी. एकाच युग्मनजापासून झालेली जुळी अगदी विरळा अपवाद सोडले तर दोन्ही मुलगे असतात किंवा दोन्ही मुली.

आणखी एक मजा बघा. एकयुग्मजी जुळ्यांचं प्रमाण जगात जवळपास सगळीकडे सारखंच आहे, दर हजार बाळंतपणांत ३ ते ४. ते कोणाच्या घरात होतील, याचा काही नेम नसतो. द्वियुग्मजी जुळ्यांचं प्रमाण मात्र देशोदेशी बदलतं आणि काही घराण्यांत ती पुन्हा पुन्हा होतात. एका वेळी दोन स्त्रीबीजं तयार होण्याचा गुण आईकडून मुलीकडे येऊ शकतो. वडीलही तो आपल्या मुलीला देऊ शकतात, पण त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या बायकोला जुळी होत नाहीत. म्हणून घरात जुळी जन्मली, की आईच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करायची.

आज जगात दर वर्षी जुळ्यांच्या सुमारे १६ लाख जोड्या जन्माला येतात. दर ४२ बाळांमधलं एक बाळ जुळ्यांपैकी असतं.

जुळ्यांचं गाव

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही नावाचं एक गाव आहे. नारळाची झाडं, भाताची खाचरं, केरळमधल्या इतर गावांसारखंच हे गाव. पण शाळेची घंटा झाली आणि पोरं बाहेर पडली, की पाहुण्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. गावात साधारण दोन हजार कुटुंबं आणि जुळ्यांच्या जोड्या मात्र शेकडोंनी!

असं का होतं? पाणी? हवा? जेवण? जनुकं? २०१६ साली शास्त्रज्ञांचं एक पथक तिथे गेलं. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे लोकही त्यात होते. त्यांनी जुळ्यांच्या लाळेचे आणि केसांचे नमुने घेतले. तरीही या कोड्याचं पक्कं उत्तर अजून हाती आलेलं नाही. उत्तर प्रदेशात प्रयागराजजवळचं उमरी, नायजेरियातलं इग्बो-ओरा आणि ब्राझीलमधलं कांदिदो गोदोई हीसुद्धा अशीच जुळ्यांसाठी प्रसिद्ध असलेली गावं. तुमच्यापैकी कोणी पुढे जनुकशास्त्रज्ञ झालं, तर हे कोडं तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे!

अंगठा वर करा

एकयुग्मजी जुळ्यांची जनुकं सारखी, चेहरा सारखा. मग त्यांच्यात फरक काहीच नाही? भरपूर आहे! आणि तो अगदी हाताच्या बोटांवरच आहे.

एका कागदावर पेन्सिल गिरवून गिरवून काळा ठिपका करा. त्यावर अंगठा घासा. मग अंगठ्यावर सेलोटेपचा तुकडा दाबा, हळूच सोडवा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. झाला तुमचा ठसा तयार! आता भिंगातून बघा. कुठे चक्र दिसेल, कुठे शंख दिसेल. आणखी नीट बघा. एखादी रेघ मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो, दोन रेघांच्या मधे एक छोटासा ठिपका अडकलेला असतो.

या रेघा आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटायला लागतात. त्या वेळी बाळाच्या बोटांवर भोवतालच्या पाण्याचा दाब किती, बोट कुठे टेकलेलं, त्या जागची कातडी किती वेगाने वाढतेय, अशा बारीकसारीक गोष्टींनी रेघांचं वळण ठरतं. एकाच पोटात असले तरी दोन जुळ्यांची जागा एक नसते. त्यामुळे दोघांच्या बोटांवर चक्र असलं, तरी रेघांचे फाटे आणि टोकं वेगळीच निघतात. चेहरा बघून उघडणारा मोबाइल जुळ्यांपुढे फसू शकतो, पण भिंग घेऊन बसलेला ठसेतज्ज्ञ फसत नाही.

कुत्रेही फसत नाहीत! चेक प्रजासत्ताकात पोलिसांच्या तयारीच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांना एकयुग्मजी जुळ्यांचे वास दिले. एकाच घरात राहणारी, एकच जेवण जेवणारी ही जुळी, तरी कुत्र्यांनी दर वेळी बरोबर ओळखली.

काही जुळी तर समोरासमोर उभी राहिली की आरसा पाहिल्यासारखी वाटतात. अमेरिकेचे टेनिसपटू बॉब आणि माइक ब्रायन हे असेच एकयुग्मजी भाऊ. बॉब डावखुरा, माइक उजव्या हाताने खेळणारा. दोघांनी मिळून दुहेरीची १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदं पटकावली.

शास्त्रज्ञांचे लाडके

जन्मतःच काय मिळतं आणि पुढे जगताना काय घडतं, हा शास्त्रज्ञांचा जुना प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला जुळ्यांसारखे मदतनीस नाहीत, हे इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ सालीच ओळखलं होतं.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दोन जुळे भाऊ अवघ्या चार आठवड्यांचे असताना वेगवेगळ्या घरी दत्तक गेले. ३९ वर्षांनी, १९७९ साली, ते भेटले. दोघांचं नाव जिम! लहानपणी दोघांकडे कुत्रा होता आणि दोन्ही कुत्र्यांचं नाव टॉय. दोघांनाही सुतारकामाची आवड, दोघांनाही नखं कुरतडायची सवय. मिनेसोटा विद्यापीठाच्या थॉमस बुशार्ड यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि वेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास सुरू केला. पुढे शंभराहून जास्त जोड्या त्यात सामील झाल्या.

पण जरा थांबा. कुत्र्याचं नाव काही जनुकांत लिहिलेलं नसतं! एकाच राज्यात, एकाच वयाच्या कुठल्याही दोघांना शेकडो प्रश्न विचारले, तर काही उत्तरं योगायोगाने जुळणारच. म्हणून शास्त्रज्ञ एका जोडीवर विसंबत नाहीत. ते अनेक जोड्या घेतात, एकयुग्मजी आणि द्वियुग्मजी जुळ्यांची तुलना करतात आणि मगच बोलतात. त्यातून कळलं, की पोटभर खायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा सुमारे ८० टक्के असतो. हाताच्या बाबतीत मात्र एकयुग्मजी जुळ्यांच्या साधारण पाच जोड्यांपैकी एकीत एक जण डावरा आणि दुसरा उजवा निघतो.

आणि अंतराळात गेलेले जुळे? तेही आहेत. स्कॉट केली आणि मार्क केली, दोघंही नासाचे माजी अंतराळवीर. मार्च २०१५ ते मार्च २०१६ या काळात स्कॉट ३४० दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहिले आणि मार्क पृथ्वीवर. दोघांच्या रक्ताची, डोळ्यांची, हृदयाची, स्मरणशक्तीची तपासणी होत राहिली. अंतराळात स्कॉट सुमारे दोन इंचांनी उंच झाले आणि परतल्यावर पुन्हा होते तेवढे झाले. त्यांच्या गुणसूत्रांची, म्हणजे पेशीत जनुकं ज्यांच्यावर असतात त्या धाग्यांची, टोकं अंतराळात लांबली आणि पृथ्वीवर आल्यावर आखूड झाली. बरेचसे बदल सहा महिन्यांत मावळले, काही मात्र राहिले. अंतराळात शरीराचं काय होतं, हे इतकं नेमकं समजलं, कारण तुलना करायला पृथ्वीवर मार्क होते.

स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली ३ वर्षांपासून ७४ वर्षांपर्यंतच्या एकयुग्मजी जुळ्यांची जनुकं तपासली. जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक कामाला लागेल आणि कुठलं गप्प बसेल, हे त्यांच्यावर अवलंबून असतं. लहान जुळ्यांमध्ये या खुणा जवळपास सारख्या होत्या. वय वाढलं आणि दोघांचं राहणं वेगळं झालं, तसतसा खुणांतला फरक वाढत गेलेला दिसला. दोन पेट्या अगदी सारख्या असाव्यात, पट्ट्याही त्याच, पण वाजवणाऱ्यांनी वेगळ्या पट्ट्या दाबल्या की सूर वेगळे निघतात, तसंच हे.

म्हणजे लक्ष्मण आणि शत्रुघ्नाची गोष्ट खरीच की! बरोबरीने जन्मलेली दोन माणसंसुद्धा दोन वेगळी माणसं असतात. मग तुम्ही, तुमची ताई, तुमचा दादा, तुमचा मित्र यांच्यात कोण कोणासारखं, ही तुलना कशाला करत बसायची? जगात तुमच्यासारखं दुसरं कोणीही नाही.

आणि हो, तुमच्या वर्गात किंवा सोसायटीत जुळी असतील, तर त्यांना ‘ए जुळे’ अशी हाक मारू नका. ‘तुमच्यातला हुशार कोण?’ असंही विचारू नका. दोघांशी वेगवेगळी मैत्री करा. कोणाला क्रिकेट आवडतं, कोणाला चित्रं, कोण लवकर हसतं, कोण विचार करून बोलतं, हे शोधा. वाढदिवसाला दोघांना मिळून एक नाही, दोन शुभेच्छापत्रं द्या आणि प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव लिहा. आठवडाभर असं केलंत, की त्यांना ओळखायला तुम्हाला भिंगही लागणार नाही आणि कुत्राही!