इंग्लिश खाडीवरचे आकाश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लिश खाडी म्हटले की मराठी वाचकाला आधी पोहणारे आठवतात. डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्री-ने टोकापर्यंत पाण्याची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर. एक इंजिनाच्या चार आसनी विमानाला ती दहा-बारा मिनिटांत ओलांडता येते. लुई ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी कॅलेजवळून उडून सुमारे ३७ मिनिटांत डोव्हर गाठले, तेव्हा वर कुणी हद्दी आखून ठेवल्या नव्हत्या. आज केंट परगण्यातल्या एखाद्या गवती धावपट्टीवरून निघून फ्रान्समध्ये दुपारचे जेवण करून संध्याकाळी परतणे हौशी वैमानिकांना सहज जमते. पण वाटेत प्रतिबंधित आणि धोक्याची हवाई क्षेत्रे आहेत, आणि त्यांच्याबद्दलच्या चुकीच्या समजुती उड्डाणाच्या परवान्याइतक्याच सर्वदूर पसरलेल्या आहेत. कुणी नकाशावरचा लाल घेर दिसला की भिंत समजून घाबरतो, तर कुणी त्याला नुसती शोभा समजतो. दोघांचेही चुकते. त्या घेराला तीन प्रश्न विचारायचे असतात: कधी, किती उंचीपर्यंत, आणि परवानगी कुणाकडे मागायची?

पहिला गैरसमज सर्वांत मोठा आहे: टॅब्लेटवर निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण टाकले, सरळ रेष आली, मार्ग ठरला.

केंटमधल्या हेडकॉर्नपासून फ्रान्समधल्या ल तुके विमानतळापर्यंत अशी रेष ओढून पाहा. अंतर भरते सुमारे ५४ सागरी मैल. किनाऱ्याला पोहोचताना ही रेष लिड विमानतळाच्या जवळजवळ डोक्यावरून जाते. पुढे लगेच डंजनेस अणुवीज केंद्र येते आणि रेष त्याच्यापासून जेमतेम दीड सागरी मैलावरून निघते. या केंद्राभोवती २ सागरी मैल त्रिज्येचा आणि २००० फूट उंचीपर्यंतचा प्रतिबंधित घेर आहे, म्हणजे आपली रेष त्यात शिरलेली असते. लिडला उतरणाऱ्या किंवा तिथून उडणाऱ्या विमानांना नियमात सवलत आहे. नुसत्या वरून जाणाऱ्याला ती लागू नाही. शिवाय पश्चिमेला लष्कराचे लिडचे गोळीबार मैदान आणि ईशान्येला हाइथचे. दोन्ही मैदानांवरचे आकाश धोक्याचे क्षेत्र म्हणून घोषित आहे. एवढ्याशा किनाऱ्यावर विमानतळ, अणुकेंद्र आणि दोन गोळीबार मैदाने एकमेकांना खेटून आहेत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उंचीचा. २५०० फुटांवरून गेले तर अणुकेंद्राचा घेर खाली राहतो, आणि लिड विमानतळाचे २००० फुटांपर्यंतचे वाहतूक क्षेत्रही. मात्र मैदानांवरच्या क्षेत्रांची वरची मर्यादा यापेक्षा जास्त असते, म्हणून उजवी-डावीकडे भरकटून चालत नाही. दुसरा उपाय वळणाचा: हेडकॉर्नहून डोव्हर, तिथून ग्री-ने, मग किनाऱ्याने दक्षिणेला ल तुके. हा मार्ग अणुकेंद्र आणि दोन्ही मैदाने टाळतो. अंतर वाढते साधारण १० सागरी मैलांनी, म्हणजे ताशी १०० सागरी मैलांच्या विमानाला सहा मिनिटे. आणि सरळ रेषेवर जिथे ३३ सागरी मैल पाणी ओलांडावे लागते, तिथे या वाटेवर फक्त १८. मला स्वतःला हा दुसरा मार्गच बरा वाटतो, आणि त्याचे कारण नियमांपलीकडचे आहे.

ते कारण पुढच्या गैरसमजाशी जोडलेले आहे: ‘समुद्रावर खाली उडावे, म्हणजे वरच्या भानगडीत पडावे लागत नाही.’ लंडनच्या भोवती वरच्या थरात ‘अ’ वर्गाचे नियंत्रित आकाश आहे. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाला त्यात प्रवेशच नाही, आणि काही ठिकाणी ते २५०० फुटांपासून सुरू होते. त्यामुळे नवशिका वैमानिक धास्तीने खाली राहतो आणि पाण्यावरही तसाच जातो. पण सेसना १७२ सारखे विमान इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगते. २५०० फुटांवर इंजिन थांबले तर चार मैलसुद्धा मिळत नाहीत. डोव्हर ते ग्री-नेच्या मध्यावर दोन्ही किनारे नऊ मैल दूर असतात, म्हणजे वारा नसेल तर निदान ६००० फूट हवेत. किनारा सोडण्याआधी उंची कुठे घेता येईल, नियंत्रित आकाशाचा तळ कुठे उंच होतो, हे आधीच नकाशावर शोधून ठेवायचे असते. एवढी उंची मिळणार नसेल तर लाइफ जॅकेट सीटच्या मागे ठेवून उपयोग नाही, ते अंगात हवे. नियंत्रित आकाशाच्या कडेने जाताना बाजूने २ सागरी मैल आणि तळापासून २०० फूट अंतर राखावे, असा ब्रिटनमध्ये सर्वांना सल्ला दिला जातो. तो जरूर पाळावा, कारण चुकून झालेल्या घुसखोरीमुळे प्रवासी विमानांचा क्रम मोडून नियंत्रकाला ती बाजूला वळवावी लागतात.

आता ‘प्रतिबंधित म्हणजे कायमची बंदी’ ही समजूत. आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत तीन प्रकार आहेत. निषिद्ध क्षेत्रात उडायचे नाही, विषय संपला. प्रतिबंधित क्षेत्रात ठरलेल्या अटी पाळून किंवा परवानगीने जाता येते. धोक्याच्या क्षेत्रात ठरावीक वेळी उड्डाणाला धोका असतो. ब्रिटनमध्ये तिसऱ्या प्रकाराचे नाव सौम्य असल्यामुळे फसगत होते; काही धोक्याच्या क्षेत्रांत स्थानिक पोटनियमांनी चालू वेळेत प्रवेशबंदीच असते. उलट गोळीबार नसेल तेव्हा त्याच आकाशातून सरळ जाता येते. म्हणून रेडिओवर विचारायचे, क्षेत्र चालू आहे का? इथे एक बारकावा जिवावर बेतू शकतो. विचारूनही उत्तर आले नाही, तर क्षेत्र बंद आहे असे धरायचे नाही, चालू आहे असेच धरायचे. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात हे स्पष्ट सांगितलेले आहे. रेडिओवरची शांतता म्हणजे संमती नव्हे.

फ्रान्सच्या बाजूला अणुकेंद्रांचा घेर मोठा आहे. ५ किलोमीटर त्रिज्येत आणि १००० मीटर उंचीपर्यंत उड्डाणाला बंदी. कॅले आणि डंकर्क यांच्यामध्ये किनाऱ्यावरच सहा अणुभट्ट्यांचे ग्राव्हलीन केंद्र आहे. कॅलेच्या धावपट्टीवरून पूर्वेला निघालेले विमान तीन मिनिटांत त्या घेराच्या कडेला पोहोचते. ‘इंग्लंडमध्ये दोन हजार फूट, मग इथेही तेवढेच असणार’ हा हिशेब खाडीच्या मध्यावरच सोडून द्यावा लागतो. डंजनेसबद्दल आणखी एक युक्तिवाद केला जातो: तिथली वीजनिर्मिती २०१८ मध्ये थांबली, २०२१ मध्ये केंद्र कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले, मग घेर कशाला पाळायचा? भट्टी थंड झाली म्हणून नियम आपोआप रद्द होत नाही. कायद्यात आहे तोवर तो पाळायचा.

फ्रान्समध्ये आत जाणाऱ्यांसाठी लष्कराच्या अतिखालच्या उड्डाणांचे एक जाळेच आहे. त्यातली लढाऊ विमाने जमिनीलगत, प्रचंड वेगाने, रडारच्या आधारे उडतात. आजूबाजूला पाहून दुसऱ्या विमानाला चुकवणे त्या वैमानिकांकडून अपेक्षितच नसते. हे पट्टे चालू असताना आत शिरणे म्हणजे आत्मघात. कुठले पट्टे कधी चालू, याचा नकाशा फ्रान्सचे हवाई माहिती खाते प्रसिद्ध करते, आणि शनिवार-रविवारी ते बहुधा शांत असतात.

ल तुकेच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आर्डलोचा समुद्रकिनारा आहे. जे. आर. डी. टाटांचे बालपणीचे उन्हाळे तिथे गेले. ब्लेरिओचे घर शेजारीच होते आणि विमाने त्या वाळूवर उतरत. १९१९ मध्ये, पंधराव्या वर्षी, जे. आर. डी. तिथेच पहिल्यांदा विमानात बसले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन ते कराचीहून मुंबईच्या जुहूवर उतरले, त्या उड्डाणाचे बीज या किनाऱ्यावरचे आहे. डोव्हर मार्गाने ल तुकेला जाणारा वैमानिक याच वाळूवरून पुढे जातो.

चौथा गैरसमज नव्या पिढीचा: ‘ॲप अद्ययावत आहे, म्हणजे सगळे दिसते.’ कायमची क्षेत्रे दर २८ दिवसांच्या चक्राने बदलतात आणि ती ॲपमध्ये येतात. तात्पुरत्या बंदीचे मात्र रोजचे रोज पाहावे लागते. त्या ‘नोटॅम’ म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनांमधून जाहीर होतात: हवाई कसरतींचे प्रदर्शन, राजघराण्याचे उड्डाण, एखादी मोठी सभा. गेल्या काही वर्षांत डोव्हरच्या सामुद्रधुनीत लहान बोटींवर नजर ठेवणाऱ्या मानवरहित विमानांसाठीही धोक्याची क्षेत्रे आखली गेली आहेत. ती चालू-बंद होत असतात, आणि नेमकी आपल्या सोयीच्या अरुंद पट्ट्यावरच. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनासाठी शहराभोवती १५० किलोमीटर त्रिज्येचे आकाश संध्याकाळपासून बंद केले होते. आदल्या आठवड्यात पाहिलेल्या नकाशावर त्या दिवशी विसंबणाऱ्याचे काय झाले असते?

नोटॅम वाचताना घड्याळाचा घोळ हमखास होतो. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. सूचनेत ०९०० लिहिले असेल तर उन्हाळ्यात केंटमध्ये तेव्हा १० वाजलेले असतात आणि ल तुकेला ११. क्षेत्र ११ पर्यंत चालू असे वाचून ‘इंग्लंडच्या ११ ला निघू’ म्हणणारा तासभर आधी आत शिरतो. उड्डाणाच्या कागदावर तिन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात. जुनीच सवय आहे, पण हिच्याइतकी उपयोगी दुसरी कुठलीच नाही.

शेवटी कागदपत्रे, कारण इथेही एक भ्रम आहे: ‘फ्लाइट प्लॅन दिला म्हणजे परवानगी मिळाली.’ आंतरराष्ट्रीय हद्द ओलांडताना फ्लाइट प्लॅन सक्तीचा आहे, आणि तो निघण्याच्या निदान ६० मिनिटे आधी द्यावा लागतो. पण त्यावर लिहिलेला मार्ग म्हणजे प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना नव्हे; ती परवानगी वेगळी मागायची असते. याशिवाय ६ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या खासगी विमानाने विमानातल्या सर्वांची माहिती ऑनलाइन देणे सक्तीचे झाले आहे. निघण्याच्या ४८ तासांपेक्षा आधी नाही आणि २ तासांपेक्षा उशिरा नाही. चुकल्यास १०,००० पौंडांपर्यंत दंड. फ्रान्समध्ये उतरायचे ते सीमाशुल्क आणि पासपोर्ट तपासणीची सोय असलेल्या विमानतळावरच. किती तास आधी कळवायचे याचे नियम विमानतळागणिक वेगळे असतात. पुढे फ्रान्सच्या छोट्या धावपट्ट्यांवर जायचे असेल, तर त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी रेडिओवर फक्त फ्रेंच चालते, हेही आधीच पाहून ठेवावे.

इंग्लंडात राहणाऱ्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या मित्राला विमानात बसवायचे असेल, तर त्याला शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा राहण्याचा परवाना तिथे चालत नाही, मुक्काम दोन तासांचा असला तरी. आणि ही ऑनलाइन माहिती, फ्लाइट प्लॅन, नोटॅमची तपासणी, सगळे परतीसाठी पुन्हा नव्याने करायचे असते. सकाळी मोकळा असलेला पट्टा दुपारी चालू झालेला असू शकतो.