‘मी तसा तर नाही ना?’ या विचाराने पछाडलंय? उत्तर शोधणं थांबवा, तिथूनच सुटका

समजा, पंचविशीतला एक मुलगा आहे. खानापूरकडचा, बेळगावात नोकरी करणारा. शाळेपासून त्याला मुलीच आवडत आल्यात. एक दिवस जिममध्ये शेजारच्या पोराच्या दंडाकडे नजर गेली आणि डोक्यात आलं, ‘मी याच्याकडे का बघितलं? मी गे तर नाही ना?’ असला विचार दहा जणांच्या डोक्यात येतो आणि घरी पोचेपर्यंत विसरलाही जातो. हा मात्र घरी गेला, ताट बाजूला सारलं आणि तपासायला बसला.

तपासायला म्हणजे काय, तर मोबाईलवर आधी नटीचा फोटो बघायचा, मग नटाचा, आणि शरीरात काय होतं त्यावर लक्ष ठेवायचं. सातवीतल्या सहलीत मित्राच्या गळ्यात हात टाकला होता, तेव्हा नेमकं काय वाटलं होतं ते आठवत बसायचं. ‘तुम्ही समलिंगी आहात का?’ छापाच्या ऑनलाईन चाचण्या द्यायच्या. एकीचा निकाल पटला नाही की दुसरी. दहा मिनिटं बरं वाटतं. मग पुन्हा, ‘पण नटाचा फोटो बघताना छातीत धडधडलं, ते का?’ महिन्याभरात जिम बंद, मित्राच्या बाईकवर मागे बसणं बंद, रात्रीची झोप बंद.

हा मुलगा कुणी एक खरा माणूस नाही, पण अशी मुलं आणि मुलीही आपल्या गल्लीत असतात. लाजेपोटी बोलत नाहीत, इतकंच.

याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. आपल्या जुन्या माणसांकडे याला शब्द होता, मंत्रचळ. सारखे हात धुणारी काकू, कुलूप पाच वेळा ओढून बघणारे मामा आपल्याला माहीत असतात. इथे तेच चाललेलं असतं, फक्त धुणं डोक्याच्या आत असतं म्हणून घरच्यांना दिसत नाही. नको असलेला विचार येतो, भीती वाटते, भीती घालवायला माणूस काहीतरी करतो, तात्पुरतं बरं वाटतं आणि त्यामुळेच विचार आणखी जोरात परत येतो. या चक्राला खाद्य मिळतं ते तपासण्यातून, विचारण्यातून आणि टाळण्यातून.

विचार येणं हा मुळात आजार नाही. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नको ते, घाणेरडे, भयंकर वाटणारे विचार बहुतेक साध्यासुध्या माणसांनाही येतात. फरक असतो तो त्या विचाराला किती अर्थ चिकटवला जातो यात. आणि शरीराचं म्हणाल तर ते असल्या परीक्षेला फार बेभरवशाचा साक्षीदार आहे. कुणी उवांचं नाव काढलं की आपलं डोकं खाजायला लागतं की नाही? तसंच, कुठल्याही अवयवाकडे टक लावून बसलं की तिथे काहीतरी जाणवतंच. भीतीतही छाती धडधडते. तो पुरावा नव्हे.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. कुणी खरंच समलिंगी असेल तर? तर असू दे. तो आजार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले, आणि इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही समलैंगिकता हा आजार नसल्याचं स्पष्ट सांगितलंय. आपला कल हळूहळू उमगणाऱ्या माणसाला भीती असते ती बहुतेक वेळा लोकांची, घरच्यांची. आत कुठेतरी ओढ असते, कुणीतरी आवडलेलं असतं. मंत्रचळात ओढ शोधूनही सापडत नाही. असतो तो फक्त प्रश्न, आणि त्याचं शंभर टक्के खात्रीचं उत्तर आत्ताच्या आत्ता हवं असतं. उलटंही घडतं बरं का. वर्षानुवर्षं स्वतःला समलिंगी म्हणून ओळखणाऱ्या माणसालाही ‘मी तसा नाहीच की काय’ या विचाराने असंच छळलेलं असतं. म्हणजे भांडण कलाचं नाहीच, खात्रीचं आहे.

(हा वरचा परिच्छेद कुणी तिसऱ्यांदा वाचून स्वतःला ताडून बघत असेल, तर तेही तपासणंच झालं. पुढे चला.)

विचार दाबून टाकणं हा उपाय नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही म्हटल्यावर काय होतं, ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पूर्वी मनगटाला रबर लावून विचार आला की ताणून सोडायला सांगत. त्याने हाती काही लागत नाही. उपयोगी पडते ती बरोबर उलटी वाट. १९६६ साली लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर ती करून दाखवली. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं, आणि नेहमीचा विधी मात्र करायचा नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईआरपी म्हणतात. आज ओसीडीसाठी सगळ्यात आधी सुचवली जाणारी मानसोपचार पद्धत हीच.

आपल्या मुलाच्या बाबतीत ते कसं दिसेल? थेरपिस्टबरोबर बसून तो भीतीची उतरंड लावतो, खालच्या मडक्यापासून सुरुवात. आधी ‘गे’ हा शब्द कागदावर लिहून तसाच ठेवायचा. मग मित्राशेजारी बसून चहा प्यायचा आणि शरीर तपासायचं नाही. मग समलिंगी पात्र असलेला सिनेमा शेवटपर्यंत बघायचा. मग एक वाक्य रोज लिहायचं, ‘कदाचित मी असेन, कदाचित नसेन, आज मी याचा निकाल लावणार नाही.’ पहिल्यांदा घाम फुटतो. पळून न जाता बसलं की भीती बऱ्याचदा आपोआप ओसरते, आणि नाही ओसरली तरी ती सोसवते, हे कळतं. साधारण बारा ते वीस बैठका लागतात. यात कुणाला समलिंगी किंवा भिन्नलिंगी ‘बनवलं’ जात नाही. तसं करतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठा. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कल ‘बदलण्याचे’ असले उपचार डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत.

त्रास जास्त असेल तर गोळ्याही लागतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन या गटातल्या. ओसीडीत त्यांचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त असतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. ‘पंधरा दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच. बरं वाटल्यावरही डॉक्टर वर्ष-दोन वर्षं त्या चालू ठेवायला सांगतात. स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आता घरच्यांविषयी. आई म्हणते, ‘अरे तू नाहीस रे तसा, मी ओळखते तुला.’ मायेने म्हणते, पण त्या धीराची मुदत दहा मिनिटं असते आणि अकराव्या मिनिटाला तो पुन्हा विचारायला येतो. त्यापेक्षा असं म्हणता येतं, ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय मला. पण याचं उत्तर मी देणार नाही. चल, चहा टाकते.’ हे अवघड आहे, आणि थेरपिस्टने घरच्यांना आधी समजावलेलं असलं तर बरं पडतं.

याहून मोठी चूक म्हणजे लग्न. ‘बार उडवून टाकू, सगळं ठीक होईल’ हा सल्ला आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवर दिला जातो. मंत्रचळ असलेला मुलगा बोहल्यावर उभा राहिला की तपासण्याला आणखी एक जागा मिळते. बायकोजवळ असताना तो तिच्याकडे नाही, स्वतःच्या शरीराकडे बघत असतो. मन जमलं नाही त्या रात्री त्याला ‘पुरावा’ सापडतो, आणि त्या मुलीला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. जी काहीच जाणत नाही तिला परीक्षेचा पेपर म्हणून घरात आणायचा हक्क कुणाला नाही. आणि मुलगा खरोखर समलिंगी असेल, तर दोघांचीही फसवणूक.

जायचं कुठे? आपल्या भागातून धारवाडची डिमहान्स जवळ, गोव्याकडच्यांना बांबोळीची आयपीएचबी. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर देशभरात चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं, म्हणजे इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मंडळींनाही सोय आहे. तोंडाने सांगायला जीभ उचलत नसेल तर चार ओळी लिहून न्या: ‘मला माझ्या लैंगिक कलाबद्दल नको ते विचार येतात, थांबत नाहीत, दिवसाचे अमुक तास त्यात जातात.’ ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळेल आणि मूळ दुखणं तसंच राहील. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळचं सरकारी हॉस्पिटल गाठा किंवा वरचा नंबर लावा.

विचार कायमचा पुसला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो येतो, पण कामाच्या मध्ये एखादी माशी घोंगावून जावी तसा. नोकरी बदलली, घरात आजारपण आलं, लग्नाची बोलणी सुरू झाली की काही दिवस पुन्हा जोर धरतो. तेव्हा जुनी वही काढायची, खालच्या मडक्यापासून सराव सुरू करायचा आणि डॉक्टरांना एक फोन करायचा.